दुखावलेल्या कानाने परतायचंय : विमानाने की जमिनीवरून?

सर्दी अंगावर काढून विमानात बसलो होतो. उतरताना उजव्या कानात टाचणी खुपसल्यासारखी कळ आली आणि दडा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी कानात पाहिलं : पडदा फाटलेला नाही, पण लाल झालाय, आत ओढला गेलाय आणि त्याच्यामागे पाणी साचलंय. परतीचं विमान आठवड्यावर होतं. ते घ्यावं, की रेल्वे आणि गाडी करत दीड दिवसाने घरी पोचावं, हे मला तेव्हा ठरवावं लागलं.

तुमचा कान नेमका कसा दुखावलाय, त्यावर बरंच अवलंबून आहे. पडद्याला भोक पडलं असेल, तर हवा त्यातूनच ये-जा करते आणि दाब आपोआप सारखा होतो. म्हणजे फाटलेल्या पडद्याला विमानात बहुधा कमीच त्रास होतो. खरी पंचाईत होते ती पडदा शाबूत आणि कानापासून घशामागे उतरणारी नळी सुजून बंद, अशा माझ्यासारख्यांची. कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर पुढचं वाचून काही ठरवू नका. ज्यांनी ती केली त्यांनाच विचारा.

विमानाची बाजू लंगडी नाही. दोन-तीन तासांत घर, आणि आजारी माणसाला तेही मोलाचं. चढतानाही फारसं काही होत नाही, कारण बाहेरचा दाब कमी झाला की कानातली हवा फुगते आणि नळीतून आपणहून निसटते. वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राहतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या आसपासचा असतो, म्हणजे कानाला थोडं सुसह्य. तिथे तासन्‌तास बसा, कान कुरकुरत नाही.

सगळं घोडं अडतं ते उतरताना. ही नळी झडपेसारखी असते. हवा बाहेर सहज जाते, आत मात्र घोट गिळून, जांभई देऊन ओढून घ्यावी लागते. त्यात उशीर झाला आणि दाबातला फरक वाढत गेला, की नळीचं तोंड इतकं घट्ट मिटतं की मग कितीही आवंढे गिळा, ते उघडत नाही. त्या क्षणी एकच गोष्ट उपयोगी पडली असती : जरा थांबणं. वाटलं तर थोडं परत वर जाणं. विमानात ते होत नाही. आपल्या एका कानासाठी कुणी विमान थांबवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण माझा निर्णय झाला तो याच एका गोष्टीवर.

जमिनीवर दाब बदलत नाही, असं मात्र समजू नका. माझ्या वाटेत घाट होता आणि उतार लागताच कान गच्च होऊ लागला. चालकाला म्हटलं, ‘दादा, जरा बाजूला घ्या.’ गाडी वळणापाशी उभी राहिली. बाटलीतलं पाणी घोट-घोट पीत राहिलो. सात-आठ मिनिटांनी आत कुठेतरी ‘टक्’ झालं आणि इतका वेळ नुसता घुमणारा इंजिनाचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू आला. खाली पोचेपर्यंत असे तीनदा थांबलो. दर वेळी ‘टक्’ वाजल्यावरच पुढे निघालो. वेळ गेला, पाठ अवघडली, पण कान पुन्हा दुखावला नाही.

विमानाच्या बाजूने लोक इअरप्लग आणि नाकातला स्प्रे सुचवतात. दाब सावकाश पोचवणारे इअरप्लग मी पहिल्या प्रवासात घातले होते. ते बदलाचा वेग कमी करतात, नळी उघडत नाहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर कळ थोडी उशिरा आली, एवढंच. नाक मोकळं करणारा स्प्रे बराच जास्त कामाचा वाटतो, पण तो विमान उतरू लागण्याच्या अर्धा तास आधी मारायला हवा आणि सलग चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नये, नाहीतर नाक उलट जास्तच चोंदतं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाक दाबून जोराने फुंकण्याची युक्ती वाल्साल्वा या जुन्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने चालते. सुजलेल्या कानावर मी ती करणार नाही. नाक दाबून नुसता आवंढा गिळणं मला सौम्य वाटतं.

दडा बसलेल्या कानाने जगणं काय असतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. माझा तीन आठवडे राहिला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायचा. पोळी चावली तरी कानात खरखर व्हायची. जेवताना सगळे डाव्या बाजूला बसतील अशी जागा मी शोधायचो. एका उतरणीने एवढं दिलं होतं. दुसरी उतरण त्यावर आणखी काय चढवेल, याची मला खरोखर भीती वाटली.

तरी वाटेत समुद्र असेल किंवा दीड दिवस बसणं झेपत नसेल, तर मी विमानाला नाही म्हणणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी नाक दाबून आवंढा गिळून पाहा. दोन्ही कानांत ‘टक्’ वाजलं आणि डॉक्टरांनीही कान पाहून होकार दिला, तर जा. फक्त उतरताना झोपू नका, आणि विमान खाली येऊ लागल्यापासूनच गिळत राहा. दुखऱ्या कानात ‘टक्’ वाजलंच नाही, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विमान कंपनीकडे तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा, आणि तोवर रेल्वेचं आरक्षण बघून ठेवा.