क्लाइंब की कन्व्हेन्शनल मिलिंग: आधी स्क्रू तपासा, मग दिशा ठरवा

जॉबची कड मिलिंग करताना कटर कोणत्या दिशेने चालवायचा, याचा विचार बहुतेक जण धातूपासून सुरू करतात. माझ्या मते तो टेबल सरकवणाऱ्या, त्याखालच्या स्क्रूपासून सुरू व्हायला हवा, कारण स्क्रू-नटमध्ये ढिलाई असेल तर धातू कोणताही असला तरी क्लाइंबचा पर्याय जवळजवळ बाद होतो.

कन्व्हेन्शनल मिलिंगमध्ये, म्हणजे ज्याला अप मिलिंग म्हणतात त्यात, जॉब कटरच्या दातांच्या गतीविरुद्ध सरकतो. दात धातूला टेकतो तेव्हा चिपची जाडी शून्य असते आणि बाहेर पडताना ती सर्वांत जास्त होते. क्लाइंब किंवा डाउन मिलिंगमध्ये जॉब दातांच्याच दिशेने सरकतो, त्यामुळे दात एकदम जाड चिप घेऊन आत शिरतो आणि शून्यावर बाहेर पडतो. वरून पाहता स्पिंडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल आणि कटर पुढे जाताना कापायची भिंत त्याच्या उजव्या हाताला असेल, तर ते क्लाइंब. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, एम०३ (स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरवण्याचा आदेश) चालू असताना जी४१ (कटर मार्गाच्या डावीकडे ठेवण्याचा आदेश) वापरले की हीच दिशा मिळते.

शून्यापासून सुरू होणाऱ्या चिपमध्ये एक अडचण दडलेली असते. कोणत्याही दाताची धार पूर्णपणे टोकदार नसते, तिला सूक्ष्म गोलाई असते. म्हणून चिप पुरेशी जाड होईपर्यंत दात धातू कापत नाही, नुसता घासतो. या घासण्याने उष्णता वाढते, धार लवकर बोथट होते, आणि ३०४ स्टेनलेससारख्या धातूत पृष्ठभाग कडक होऊन पुढच्या दाताला त्या कडक थरातूनच वाट काढावी लागते. शिवाय चिप्स कटरच्या पुढे पडतात व पुन्हा दातांखाली येतात, ज्यामुळे ॲल्युमिनियमवर ओरखडे उमटतात. क्लाइंबमध्ये चिप्स मागे, कापून झालेल्या भागाकडे फेकल्या जातात, आणि दात पातळ चिपवर बाहेर पडत असल्याने फिनिशही साधारणपणे स्वच्छ येते. कार्बाइडच्या कठीण पण ठिसूळ कटरलाही हेच मानवते, कारण जाड चिप घेऊन अचानक बाहेर पडताना त्याची धार तुटण्याचा धोका जास्त असतो.

एवढे फायदे असूनही जुन्या हाताच्या मशीनवर क्लाइंब का टाळतात, हे एका हिशोबाने स्पष्ट होते. समजा स्क्रू-नटमध्ये ०.३ मिमी बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, आहे आणि दर दाताला ०.०५ मिमी फीड (प्रत्येक दातामागे जॉब सरकण्याचे अंतर) ठेवले आहे. क्लाइंबमध्ये दात जॉबला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे टेबल ती ढिलाई एका झटक्यात पार करू शकते आणि त्या क्षणी एखाद्या दातावर ठरवलेल्या फीडच्या कित्येक पट भार येतो. हँडव्हील हातात असेल तर ते पुढे खेचले गेल्याचे स्पष्ट जाणवते. बारीक एंड मिल (टोकाने व बाजूने कापणारा कटर) तिथेच तुटते, आणि जॉब व्हाइसमध्ये सैल धरलेला असेल तर तो निसटण्याची भीती असते. कन्व्हेन्शनलमध्ये कटर टेबलाला मागे रेटतो, म्हणून स्क्रूचे आटे नटला एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि ढिलाई असूनही चाल सुरळीत होते.

तपासणी सोपी आहे. टेबलाला डायल गेज लावून हँडव्हील एका दिशेने फिरवावे, मग उलट फिरवून गेजची सुई हलेपर्यंत हँडव्हीलच्या डायलवर किती अंतर जाते ते वाचावे. तो आकडा दर दाताच्या फीडपेक्षा मोठा असेल तर रफिंग, म्हणजे सुरुवातीची जाड कापणी, कन्व्हेन्शनलनेच करावे. प्रीलोड दिलेला (दाब देऊन ढिलाई काढलेला) बॉल स्क्रू असलेल्या सीएनसीवर मात्र सुरुवातच क्लाइंबने करावी. तिथे कन्व्हेन्शनल निवडायला वेगळे कारण असायला हवे.

असे कारण प्रामुख्याने एकच आहे: ओतीव किंवा फोर्ज केलेल्या जॉबची कडक, वाळूमिश्रित किंवा पपडी धरलेली कातडी. क्लाइंबमध्ये प्रत्येक दात आधी त्या कातडीवर आदळतो, तर कन्व्हेन्शनलमध्ये तो आतल्या मऊ धातूतून येऊन तिला खालून उचलतो. पहिला पास तसा घेऊन कातडी निघाली की दिशा बदलता येते.

कटर वाकण्याचाही परिणाम वेगळा होतो. क्लाइंबमध्ये एंड मिल भिंतीपासून दूर ढकलली जाते आणि माप किंचित मोठे राहते, जे आणखी एका पासने काढता येते; कन्व्हेन्शनलमध्ये ती भिंतीत ओढली जाऊन जास्त धातू निघण्याची शक्यता असते, आणि निघालेला धातू परत लावता येत नाही. म्हणून मापाच्या भिंतीसाठी हाताच्या मशीनवरही, टेबलाचे लॉक हलके आवळून, ०.०५ ते ०.१ मिमीचा शेवटचा क्लाइंब पास घ्यावा असे मला ठामपणे वाटते. पूर्ण रुंदीचा स्लॉट कापताना मात्र हा निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण त्याची एक भिंत क्लाइंबने आणि समोरची कन्व्हेन्शनलने कापली जाते. दोन्ही भिंती सारख्या हव्या असतील तर स्लॉटपेक्षा लहान कटर घेऊन प्रत्येक भिंतीला वेगळा फिनिशिंग पास द्यावा.