महिनाभर बाहेर ठेवायचं की कायमचं काढायचं?

बाजारभावाच्या आमच्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) ॲपवर नऊ जण काम करतो. सगळे यवतमाळ-वाशीम पट्ट्यातले, निम्मे शेती सांभाळून. त्यातल्या एकाने पुसदकडच्या एका पोरीच्या पहिल्याच पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे तिने पाठवलेल्या कोडच्या दुरुस्तीखाली लिहिलं, "एवढंही येत नाही तर कापूस वेच." ती काही बोलली नाही. दुरुस्ती मात्र अर्धवट सोडून गेली. तुमच्याकडेही असा कोणी असेल तर पुढचं वाचा.

मुदतीची बंदी सोपी. गिटहबवर, म्हणजे जिथे असा कोड ठेवतात त्या साइटवर, ऑर्गनायझेशनमधून (प्रकल्पाच्या सामायिक खात्यातून) एखाद्याला 1, 3, 7 किंवा 30 दिवसांसाठी ब्लॉक करता येतं. रागात बोलून गेलेल्या माणसाला तेवढं पुरतं, आणि त्याला परत यायला तोंड राहतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळाने 2024 च्या ऑगस्टमध्ये एका जुन्याजाणत्या कोअर डेव्हलपरला (मुख्य चमूतल्या माणसाला) 3 महिन्यांसाठी निलंबित केलं होतं. पण मुदतीने वाद मिटतोच असं नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) सांभाळणाऱ्या मेंटेनरवर 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वागणुकीवरून 6.13 या आवृत्तीपुरते निर्बंध आले. पुढे खटके उडतच राहिले आणि 6.18 मधून ती फाइल सिस्टिमच काढली गेली.

आमच्या त्या माणसाला आम्ही 30 दिवसच दिले. लगेच फोन आला, "काहून भाऊ, एका शब्दावरून मले बाहेर काढता?" खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. आठवडी बाजारात गाठ पडणारा माणूस!

आपल्याकडे बंदी म्हटलं की वाळीत टाकणं आठवतं. त्याविरुद्ध राज्यात 2016 चा कायदाही आहे. पण ही गोष्ट वेगळी. प्रकल्पातून कायमचं काढलं तरी एमआयटी किंवा जीपीएल अशा खुल्या परवान्याचा कोड त्याच्याकडे राहतोच. तो वापरू शकतो, फोर्क करून, म्हणजे त्याची प्रत घेऊन, स्वतःचं ॲप काढू शकतो. जाते ती आपल्यासोबत बसायची जागा, आणि ती कोणाचा हक्क नसते.

कायमची बंदी शेवटची पायरी, असं सगळे म्हणतात. कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट या ओपन सोर्स प्रकल्पांसाठीच्या तयार आचारसंहितेच्या 2.0 आवृत्तीत पायऱ्या चारच: समज, ताकीद, मुदतीची बंदी, कायमची बंदी. मात्र वारंवार तेच करणाऱ्याला, एखाद्याच्या मागे लागणाऱ्याला किंवा एखाद्या समाजगटाला हिणवणाऱ्याला चौथी लागू होते. म्हणजे गुन्हा तसा असेल तर खालच्या तीन चढत बसायची गरज नाही. मी स्वतः एकच बघतो: त्याचं भांडण कोडशी आहे की माणसाशी? कोडशी असेल तर मुदत द्या, कितीही उद्धट असो.

आमची चूक अशी की ब्लॉक फक्त गिटहबवर केला. व्हॉट्सॲप ग्रुप तसाच राहिला. तिथून त्याने पोरीचा नंबर घेतला आणि रात्री अकरानंतर तिला मेसेज सुरू केले. तिने स्क्रीनशॉट दाखवले त्या संध्याकाळी मी आणि एका सहकाऱ्याने मिळून निर्णय घेतला (एकट्याने घेऊ नका, नाहीतर दुश्मनी तुमच्या एकट्याच्या नावावर चढते), कारण दोन ओळींत लिहून त्याला कळवलं आणि गिटहब, व्हॉट्सॲप, सर्व्हर सगळीकडून काढलं.

क्विंटलचा भाव काढणारं त्याचं फंक्शन आजही ॲपमध्ये चालतं. गिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय बदललं त्या नोंदीत, नावही आहे. ते पुसा असं एक जण म्हणाला, मी नाही म्हटलं.