पल्स कोर्स: घ्यावा का? बॉस्टन कॉलेजला येणाऱ्यांसाठी

बॉस्टन कॉलेज म्हणजे जेझुइटांचं (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) कॅथलिक विद्यापीठ, नावात कॉलेज आहे म्हणून फसू नका. तिथला पल्स प्रोग्रॅम १९६९ पासून चालूये. वर्षभराचा कोर्स, फिलॉसॉफी आणि थिऑलॉजीचे सक्तीचे क्रेडिट यातच सुटतात, पण नुसतं वर्गात बसून नाही, दर आठवड्याला शहरातल्या एखाद्या संस्थेत जाऊन काम करायचं आणि मग त्यावर चर्चा, लिखाण वगैरे.

मला वाटलं आपल्या एनएसएससारखं असेल, सही घ्या तास भरा घरी जा. तसं नाहीये!! मी बेघर लोकांच्या जेवणघरात होतो. पहिले तीन आठवडे फक्त कांदे चिरले. मग एक आजोबा म्हणाले, वाढतोस काय नुसता, बस की जेवायला. बसलो, पण बोलायला काही सुचेना, शेवटी क्रिकेट म्हणजे काय ते सांगत बसलो अर्धा तास. दुसऱ्या दिवशी वर्गात प्लेटोचं 'न्याय म्हणजे काय' चालू आणि माझ्या हाताला अजून कांद्याचा वास, तेव्हा प्रश्न जरा वेगळाच वाटला.

आता तक्रार. मी जिथे जायचो तिथे सुरुवातीला काय करायचं कोणी धड सांगितलंच नाही, आणि जानेवारीत बर्फातून जाण्यायेण्यातच जीव जातो. धर्माची सक्ती होईल का असं आई विचारत होती, मला तरी तसं कुठे जाणवलं नाही, वाद मात्र भरपूर घालता येतो.

पाचपैकी चार. बूट चांगले घ्या.