औद्योगिक एन्झाइम: टाकीतलं की कोंड्यावरचं, द्रव की दाणेदार?

एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगवान करणारी प्रथिनं) निवडताना ‘जैविक आहे म्हणजे निर्धोक’ हा समज आधी बाजूला ठेवावा. वापरून झाल्यावर एन्झाइमचं सहज विघटन होतं, हे खरं. पण ते तयार होताना वीज, वाफ, पाणी आणि शेतात पिकलेली साखर खर्ची पडते, आणि हा खर्च पद्धतीनुसार फार बदलतो.

आज बहुतेक औद्योगिक एन्झाइम मोठ्या पोलादी टाक्यांमध्ये, द्रव माध्यमात तयार होतात. आत बॅसिलस कुळातले जिवाणू किंवा ॲस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांसारख्या बुरशी वाढवतात. त्यांना ग्लुकोज, स्टार्चचा पाक किंवा मळी आणि सोबत सोयापेंड, अमोनिया असं खाद्य मिळतं. विजेचा मोठा वाटा हवा पुरवण्यात जातो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात हवेतला जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि जोमात वाढणारे जंतू तो काही सेकंदांत संपवतात. त्यामुळे कॉम्प्रेसर आणि ढवळणी अहोरात्र चालवावी लागते. त्यातून आणि जंतूंच्या चयापचयातून निघणारी उष्णता काढायला गार पाणी फिरवत ठेवावं लागतं. माध्यम १२१ अंशांच्या आसपास निर्जंतुक करायची वाफ वेगळीच. शिवाय जंतूंचं खाद्य शेतातून येतं. तिथे टाकलेल्या खतातलं नायट्रेट पाण्यात उतरतं आणि नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू हवेत जातो. हा भार कारखान्याच्या वीजबिलात दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम विचारावा लागतो.

दुसरी पद्धत ओलसर कोंड्यावर बुरशी वाढवण्याची. जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीपासून डायस्टेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम मिळवण्यासाठीच. इथे पाणी कमी लागतं, सांडपाणी कमी निघतं आणि शेतीचा दुय्यम माल कामी येतो. कागदावर ही पद्धत सरस दिसते. अडचण उष्णतेची आहे. कोंड्याच्या जाड थरातून ती बाहेर पडत नाही, त्यामुळे थर पातळ ठेवावे लागतात आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन एकसारखं येणं अवघड होतं. शुद्ध एन्झाइम हवं असेल तर कोंडा पाण्याने धुऊन ते काढावं लागतं, आणि आधी वाचवलेलं पाणी इथे बरंचसं खर्ची पडतं. माझं मत असं, की पशुखाद्यासारख्या कामात आंबवलेला कोंडा जसाच्या तसा मिसळायचा असेल, तर ही पद्धत खरोखर चांगली. शुद्ध, स्थिर गुणवत्तेचा माल हवा असेल, तर जंतूंचा चांगला प्रभेद (वाण) वापरणारी टाकीच बहुधा बरी. कारण तेवढ्याच साखरेत आणि विजेत दुप्पट एन्झाइम देणारा प्रभेद सापडला, तर प्रत्येक मात्रेवरचा हा भार निम्म्यावर येतो. एवढा फरक यंत्रसामग्रीतल्या छोट्या सुधारणांनी क्वचितच पडतो.

मालाचं रूपही तपासा. वाळवायचं म्हटलं की प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला किमान २.३ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणून आधी पडद्यातून गाळून द्रव शक्य तितका दाट करतात. द्रव मालात वाळवण वाचते, पण पाणी आणि ग्लिसरॉलसारखे स्थिरक (माल टिकवणारे पदार्थ) वाहून न्यावे लागतात आणि साठवणीत क्रियाशीलता हळूहळू घटते. लवकर वापरला जाणार असेल तर द्रवच घ्यावा. कोरडा हवा असेल तर आवरण दिलेले दाणे घ्यावेत, उघडी पूड नको. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीमुळे दमा जडला होता, आणि दाण्यांवर आवरण देण्याचं तंत्र त्यानंतर रुळलं. वाळवणीची ऊर्जा वाचवण्याच्या नादात ही सुरक्षितता सोडू नये.

आता आकड्यांबद्दल. डेन्मार्कमध्ये बनणाऱ्या काही एन्झाइम उत्पादनांवरच्या २००७ च्या अभ्यासात दर किलो मालामागे सुमारे १ ते १० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आढळलं. हा किलो बाजारात मिळणाऱ्या मालाचा आहे. त्यात सक्रिय प्रथिनाचा वाटा थोडाच असतो. पातळ माल किलोमागे स्वच्छ दिसतो आणि मग मात्रा जास्त लागते. पुरवठादाराकडे क्रियाशीलतेच्या एककामागे किंवा आपल्या एका बॅचमागे उत्सर्जनाचा आकडा मागा. उरलेल्या जैवभाराचं (एन्झाइम काढून घेतल्यावर राहणाऱ्या जंतूंच्या गाळाचं) काय होतं, हेही विचारा. डेन्मार्कमधल्याच कालुंडबोर्ग इथे जंतू निष्क्रिय करून तो अनेक वर्षं शेतात खत म्हणून जात असे.

हा हिशेब कोणी किती बारकाईने करावा? कापड धुण्याच्या पावडरीत एन्झाइमची मात्रा अगदी थोडी असते, आणि धुण्याचं पाणी कमी तापवून वाचणारी ऊर्जा सहसा उत्पादनाच्या भारापेक्षा बरीच जास्त भरते. तिथे पुरवठादारांमधल्या फरकावर फार वेळ घालवू नये. पेंढ्यापासून इथेनॉल करताना मात्र सेल्युलेज हे पेंढ्यातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम भरपूर लागतं आणि एन्झाइमचा भार इंधनाच्या हिशेबात ठळक दिसतो. अशा ठिकाणी प्रकल्पातच टाकी उभारून गाळणी, स्थिरक आणि वाहतूक टाळत कच्चा द्रव थेट वापरण्याचा पर्याय गांभीर्याने तपासावा. आणि ग्लुकोज आयसोमरेजसारखं (ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं) एन्झाइम कणांवर बसवून महिनोन्‌महिने वापरता येत असेल, तर आधी तोच मार्ग पाहावा.