पाच वर्षांचा सरकारी रोखा की बँकेची एफडी?

कापसाचे चुकारे किंवा जमिनीचा मोबदला आला की यवतमाळ-वाशीमकडे जास्तीचा पैसा सहसा एफडीत जातो. रक्कम मोठी असेल, तर केंद्र सरकारचा रोखाही (म्हणजे सरकारला ठराविक मुदतीसाठी व्याजाने दिलेले कर्ज) जरूर बघा.

एफडीला विम्याचे संरक्षण आहे, पण एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, व्याजासह 5 लाखांपर्यंतच. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाच नाही. रोख्यामागे खुद्द केंद्र सरकार असते आणि तिथे अशी मर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेचे ‘रिटेल डायरेक्ट’ खाते ऑनलाइन, फुकट उघडते. पॅन, बचत खाते, मोबाईल, ईमेल लागतो. किमान खरेदी 10,000 रुपयांची. व्याज दर सहा महिन्यांनी खात्यात येते. कर दोन्हींच्या व्याजावर आहेच.

खरा फरक मधेच पैसे लागले की कळतो. एफडी मोडली तर थोडे व्याज कापले जाते, मुद्दल शाबूत राहते. रोखा मात्र त्या दिवशीच्या भावाने विकावा लागतो. समजा, 100 रुपयांचा, 7 टक्क्यांचा, पाच वर्षे बाकी असलेला रोखा तुमच्याकडे आहे. बाजारातला दर 8 टक्के झाला, तर तुमचे 7 टक्के कोणी पूर्ण भावात का घेईल? भाव 95.94 वर येतो. दर 6 टक्के झाला तर 104.27 वर जातो. दहा वर्षे बाकी असती, तर 8 टक्क्यांना भाव 93.20 झाला असता. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा.

दर हलतात ते रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरामुळे (ती बँकांना थोड्या मुदतीचे कर्ज ज्या दराने देते तो), महागाईमुळे, सरकारच्या कर्जउचलीमुळे. पाऊस दगा देऊन डाळी-भाजीपाला महागला, तरी रोख्यांचे भाव दबतात. शिवाय लहान रकमेला गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. त्यामुळे पेरणीच्या बियाण्या-खताचा पैसा रोख्यात घालूच नका. तो एफडीत बरा. मुलीच्या 2031 च्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा असेल, तर त्याआधी मुदत संपणारा रोखा घ्या. मुदतीला 100 चे 100 मिळतात, मधले चढउतार तुम्हाला लागत नाहीत.

जुना रोखा बाजारातून घेताना नावातला व्याजदर बघून भुलू नका. 104 ला घेतलेल्याचेही शेवटी 100 च मिळतात, म्हणून परताव्याचा दर (दिलेल्या भावावर मुदतीपर्यंत प्रत्यक्ष पडणारा) तपासा. मागच्या व्याजतारखेपासूनचे व्याजही विकणाऱ्याला द्यावे लागते. ते पुढच्या हप्त्यात परत येते.