गैरिआदिर प्रिव्हस्गोल कम्री : मुलाच्या वेल्श नावातलं 'सुंदर' तपासून देणारा कोश

मुलासाठी 'सुंदर' अर्थाचं वेल्श नाव शोधायला बसलं की पाच मिनिटांत वीस-पंचवीस नावांची यादी हाती लागते. अडचण एवढीच की या याद्या बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. एकीत चूक शिरली की ती सगळ्यांत पसरते. बारशाआधी नावाचा अर्थ पडताळायचा असेल तर वेल्स विद्यापीठाचा शब्दकोश, म्हणजेच गैरिआदिर प्रिव्हस्गोल कम्री, उघडावा. तो २०१४ पासून इंटरनेटवर फुकट आहे आणि त्याचं मोबाइल ॲपही आहे.

कामाची सुरुवात १९२१ ची. जुनी हस्तलिखितं आणि छापील पुस्तकं वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या, असं ते काम होतं. पहिला भाग १९५० मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती चार खंडांत २००२ मध्ये पुरी झाली. प्रत्येक नोंदीत व्युत्पत्ती, वेल्शमधली व्याख्या, इंग्रजी प्रतिशब्द आणि कालक्रमानं लावलेली अवतरणं असतात. नाव निवडणाऱ्यानं ही अवतरणं सोडू नयेत. आकड्यापुढे 'जी' दिसला तर तो शतकाचा आकडा समजावा. '१५८८' दिसलं तर ते विल्यम मॉर्गन यांच्या वेल्श बायबलमधलं वाक्य. शब्द माणसाच्या रूपाला लावत होते की हवेला, ते तिथे कळतं.

आता 'टेग' हा शब्द घ्या. अर्थ सुंदर, शिवाय न्याय्य आणि (हवेबद्दल) स्वच्छ, उघडी. वेल्श परीकथांतल्या पऱ्या म्हणजे 'टलविथ टेग', देखण्यांचं कूळ. आणि खेळात कुणाला न्यायानं वागवा म्हणायचं तर 'ख्वारे टेग'. एकाच विशेषणात रूप आणि सचोटी दोन्ही, म्हणून मुलाच्या नावासाठी हा शब्द सगळ्यांत समृद्ध. त्यापासूनचं पुल्लिंगी नाव टेकविन: टेग अधिक ग्विन. दोन 'ग' एकमेकांना भिडले की कठोर होऊन 'क' होतो, तसाच जसा 'टेग'चं 'अधिक सुंदर' करताना 'टेकाख' होतो. त्यामुळे जी सोडून सी लिहिलेलं स्पेलिंग पाहून ते चुकीचं समजू नये. वेल्सच्या ग्विनेड परगण्यातलं लान्डेकविन हे गाव संत टेकविनच्या नावाचं. तिथे 'ट'चा 'ड' झालाय, कारण वेल्शमध्ये आधीच्या शब्दाच्या संगतीनं पुढच्या शब्दाचं आद्याक्षर बदलतं. आपल्याकडे सामान्यरूपात शब्दाचं शेपूट बदलतं, त्यांच्याकडे डोकं. कोशात शोधताना हे मूळ रूप आपण स्वतः काढावं: 'विन'साठी 'ग्विन' टाइप करा.

हे नाव फक्त जुन्या संतांचं नाही. वेल्सच्या अँगलसी बेटावर जन्मलेले टेकविन रॉबर्ट्स नासाच्या मर्क्युरी मोहिमांत उड्डाणगतीचं काम पाहत होते.

'ग्विन'वर थोडं थांबावं लागेल. पांढरा, गोरा आणि धन्य असे तीनही अर्थ नोंदीत आहेत. 'गोरा म्हणजे देखणा' हे समीकरण आपल्या ओळखीचं, म्हणून मराठी वाचक पहिल्या दोन अर्थांवरच थांबण्याची भीती असते. वेल्श बायबलमधल्या धन्यवचनांची (येशूच्या 'धन्य ते...' या वचनांची) सुरुवात मात्र 'ग्विन ए बीद' अशी होते: धन्य त्यांचं जग. एइरविन (बर्फासारखा शुभ्र), एउरविन (सोनेरी-गोरा), कारविन (प्रेम आणि धन्यता), बेरविन (शुभ्र माथ्याचा, याच नावाची डोंगररांगही आहे) ही सगळी या कुटुंबातली. इथे एक पक्का नियम पाळावा: 'विन' पुल्लिंगी, 'वेन' स्त्रीलिंगी. एइरविन मुलगा, एइरवेन मुलगी. वेल्सबाहेर मुलींना ब्रॉनविन असं लिहितात, पण वेल्समध्ये ते ब्रॉनवेनच. याद्यांत सर्वाधिक घोळ याच एका स्वरावर होतो.

बाकीचे 'सुंदर' शब्द नावाला फारसे चालत नाहीत. 'हार्द' म्हणजे देखणा, पण ते रोजचं विशेषण. नाव म्हणून रुळलेलं नाही. 'ट्लूस' म्हणजे गोंडस, पण नाम म्हणून त्याचा अर्थ दागिना किंवा बक्षिसाची ढाल-करंडक. 'मिरायन' सुरेख शब्द आहे, हल्ली तो मुलींना ठेवतात. 'काइन' म्हणजे नाजूक-सुंदर. वेल्श बायबलमध्ये भावाचा खून करणाऱ्याचं नाव हुबेहूब याच अक्षरांचं आहे, त्यामुळे ते टाळलेलं बरं. आणि 'ग्लान'वर टोपीसारखं चिन्ह (वेल्समध्ये त्याला 'टो बाख', छोटं छप्पर म्हणतात) असेल तर शुद्ध, सुंदर. नसेल तर नदीचा काठ. यादीतल्या टाइपिंगमध्ये हे छप्पर हमखास उडतं.

'प्रीद' म्हणजे रूप, मुद्रा. मध्ययुगीन 'कुल्हुख आणि ओल्वेन' या कथेत सान्दे ब्रीद आंगेल नावाचा योद्धा आहे, देवदूताच्या रूपाचा सान्दे. कामलानच्या, म्हणजे राजा आर्थरच्या शेवटच्या लढाईत त्याच्यावर कुणी भाला उगारला नाही, कारण सगळ्यांना तो देवदूतच वाटला. मात्र 'प्रदेरी' या नावाला या शब्दात गुंतवू नका. मॅबिनोगी या मध्ययुगीन वेल्श कथामालेतली कथाच सांगते की ते नाव 'काळजी' या शब्दावरून आलं.

कोशाची मोठी त्रुटी ही की तो विशेषनामांचा कोश नाही. टेगिड या नावापाशी ती त्रुटी उघडी पडते. सगळ्या याद्या 'टेग'वरून टेगिडचा अर्थ सुंदर लावतात, आणि कोशात 'टेग' पाहून तो खराही वाटतो. पण जुन्या वंशावळींत कुनेडा या प्राचीन वेल्श राजाचे पूर्वज टेगिड, पादार्न, एडेर्न असे येतात: लॅटिन टासिटस, पाटेर्नस, एटेर्नस. म्हणजे टेगिड हा टासिटस, अर्थ मूक, शांत. वर उल्लेखलेल्या त्याच लढाईत मोर्व्ह्रान नावाचा योद्धा इतका कुरूप आहे की त्याला सैतान समजून कुणी हात लावत नाही, आणि तो टेगिडचा मुलगा. नाव चांगलंच आहे, बाला गावाजवळचं प्रसिद्ध सरोवरही त्याच नावाचं. फक्त 'सुंदर' म्हणून ठेवू नये.

दुसरी त्रुटी: १९५० च्या दशकात छापलेले सुरुवातीचे भाग पुढच्या भागांच्या मानानं त्रोटक होते, म्हणून २००२ नंतर ए-बीपासून फेरसंपादन सुरू झालं. नोंदींची खोली त्यामुळे सगळीकडे सारखी नाही. तिसरी: संक्षेप आधी शिकावे लागतात. 'ई-जी' म्हणजे पुल्लिंगी नाम, 'ई-बी' स्त्रीलिंगी, नुसता 'ए' म्हणजे विशेषण. एवढे तीन पाठ झाले की निम्मं काम होतं.

नाव प्रत्यक्षात मुलांना ठेवतात का, हे कोश सांगत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची इंग्लंड-वेल्सची वार्षिक नावयादी पाहावी. तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलेली नावं तीत नसतात. उच्चारासाठी एक नियम पुरतो: 'वाय' शेवटच्या अक्षरात 'इ', त्याआधी बहुधा 'अ'; म्हणून ग्विन, पण कम्री. कार्डिफ-स्वान्झीकडे राहणाऱ्या मराठी घरांनी हे सगळं बाळ जन्मायच्या आधीच उरकावं. तिथे जन्मनोंदणीला ४२ दिवसांची मुदत असते, आणि वेल्समध्ये ती इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही करता येते.