डिगबोईचं तेल म्युझियम : विहीर नंबर १ साठी तरी जाच

आसामला गेलेली बरीच मंडळी काझीरंगा बघून परत फिरतात, पण तिनसुकियापर्यंत जाणार असाल तर अर्धा दिवस डिगबोईला काढाच. इथली रिफायनरी ११ डिसेंबर १९०१ ला सुरू झाली आणि अजून चालू आहे, आशियातली चालू असलेली सगळ्यात जुनी. आपल्या मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्या १९५४-५५ च्या, म्हणजे ही त्यांच्यापेक्षा अर्धशतकाने थोरली.

म्युझियम शंभरीच्या निमित्ताने उभारलंय आणि त्याचा जीव म्हणजे आवारातली तेलाची विहीर नंबर १. १८८९ मध्ये खोदायला घेतली, १८९० ला ६६२ फुटांवर पुरी झाली. आज ६६२ फूट ऐकून काही वाटत नाही पण तेव्हा तिथे दाट जंगल, पाऊस, मलेरिया, आणि रेल्वे नुकतीच येऊन पोचलेली. हत्तीच्या पायाला तेल लागलेलं दिसलं आणि साहेब मजुराला "डिग बॉय डिग" म्हणाला म्हणून डिगबोई, ही गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. दंतकथाच म्हणायची ती, पण विहिरीपाशी उभं राहून ऐकायला मला फार आवडली.

बाहेर जुनी यंत्रं मांडलीत, तिथे घाई करू नका. आम्हाला गाडीवाल्याने उगाच पळवलं आणि मी अजून हळहळतोय. आत जुने फोटो आणि इतिहास आहे. १८९९ ला आसाम ऑइल कंपनी, १९२१ ला बर्मा ऑइलकडे कारभार, १९८१ पासून इंडियन ऑइल, एवढं डोक्यात ठेवून गेलात तर फोटो पटापट लागतात.

मुलांना नेताय तर रिफायनरी चालते कशी ते आधीच सांगून ठेवा, कारण नुसती मशीन बघून कळत नाही. क्रूड, म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल, भट्टीत साधारण साडेतीनशे डिग्रीपर्यंत तापवून उंच टॉवरमध्ये सोडतात, हलकं ते वर चढतं, जड ते खाली राहतं, म्हणजे टोकाला गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि तळाला काळा चिकट गाळ. १९०१ ला खरी मागणी होती दिव्याच्या रॉकेलला, गाड्या अगदी नावालाच होत्या तर पेट्रोल कोण घेणार! त्यात आसामच्या क्रूडमध्ये मेण भरपूर, थंडी पडली की ते थिजतं, पाइप तुंबतो. इथे तेच मेण थंड करून वेगळं काढायचं आणि विकायचं असं सुरू झालं आणि डिगबोईचं मेण नावाजलं. अडचणीचाच माल केला, मला तर रिफायनरीपेक्षा ही मेणाची गोष्टच जास्त भारी वाटली.

रिफायनरीच्या साइझचं म्हणाल तर वर्षाला साडेसहा लाख टन क्रूड, जामनगरच्या रिफायनरीपुढे अगदी चिमुकली. पण दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा बर्मापर्यंत आलेल्या असताना डिगबोईच्या विहिरींमधून जोरात तेल काढलं जात होतं.

म्युझियमच्या तिकिटावर रिफायनरीच्या आत जाता येईल असं समजून जाऊ नका, ती चालू रिफायनरी आहे. निवांत बघायला दोन-अडीच तास धरा आणि वॉर सिमेट्रीही डिगबोईतच आहे, ती त्याच फेरीत उरकते.